आधी काकूशी बोल

सातारा,
१२ जुलै

चि. सई,

तुझं स्क्रिप्ट मिळालं. पेन्सिल हातात घेऊनच वाचलं, त्यामुळे समासात बरंच काही लिहून ठेवलंय; ती पानं वेगळी पाठवते. वीस मिनिटांच्या फिल्मसाठी लांबी जास्त आहे, शेवटचा प्रसंग आधी यायला हवा, वगैरे गोष्टी तुझ्या बरोबरीची मुलं तुला सांगतीलच. त्यातलं मला फारसं कळत नाही. पण विसरायला लागलेली म्हातारी माणसं आणि त्यांच्या घरची माणसं मी उभी नोकरीभर जवळून पाहिली आहेत. रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाच्या टेबलासमोर बसून लोक डॉक्टरांना सांगत नाहीत ते सांगतात. त्या बळावर हे पत्र लिहितेय.

तू आजीवर फिल्म करते आहेस याचा मला आनंद आहे. पण स्क्रिप्टमधली आजी वाचताना मला नाशिकच्या आजी दिसल्या नाहीत. दिसली ती खिडकीत बसून शून्यात बघणारी एक म्हातारी. आणि काकू? पहिल्या पानावर ती ओरडते, चौथ्या पानावर ताट आदळते, नवव्या पानावर फोनवर कुणाला तरी ‘आता सुटका कधी’ म्हणते. तू मला लिहिलं होतंस की तुझ्या सरांनी ‘यात संघर्ष कुठे आहे’ असं विचारलं. तो संघर्ष आणण्यासाठी तू काकूला कामाला लावलंस. तुझ्या वडिलांकडच्या घरातल्या गोष्टीत मी बोलणं बरं दिसत नाही, तरीही बोलते, कारण प्रश्न फिल्मचा आहे.

मी सुमित्रा भावे यांची किती भक्त आहे हे तुला ठाऊक आहे. तू शाळेत असताना तुला बळेच बसवून ‘दहावी फ’ दाखवला होता. वर्गांच्या तुकड्या गुणांवरून पाडलेल्या, ‘फ’ तुकडीला शाळेत काडीची किंमत नाही, ती पोरं चिडून प्रयोगशाळेची मोडतोड करतात, आणि मग स्वतः राबून ती भरपाई करायला निघतात. तुला तेव्हा तो आवडला, पण मास्तर झालेला अतुल कुलकर्णी सोडून बाकी काही तुझ्या लक्षात राहिलं नसेल. आता तू स्वतः सिनेमा करायला निघालीस, तर त्यांचे सिनेमे पुन्हा बघ. या वेळी ते कसे घडले हे मनात ठेवून बघ.

सुमित्राताई सिनेमा शिकल्या नव्हत्या. समाजशास्त्र आणि राज्यशास्त्र शिकल्या, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत समाजकार्याचं शिक्षण घेतलं, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवलं. म्हणजे एका अर्थाने त्या माझ्या व्यवसायातल्या, आणि या गोष्टीचा मला फार अभिमान वाटत आलाय. ‘स्त्रीवाणी’ या संशोधन-उपक्रमाच्या कामात त्यांनी वस्तीतल्या बायकांचे अनुभव ऐकले, नोंदवले. आठ दलित स्त्रियांच्या जीवनकहाण्यांचं त्यांचं पुस्तक गेल ऑम्व्हेट यांच्या अनुवादातून ‘पॅन ऑन फायर’ या नावाने १९८८ साली इंग्रजीत आलं. पण अशा संशोधनातली एक अडचण आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असते. जिने सांगितलं तिच्याकडे ते कधी परत पोचत नाही. अहवाल कपाटात जातो, आणि पोचला तरी तिला वाचता येत नाही. बोलकं चित्र मात्र अक्षरओळख नसलेल्या बाईलाही बघता येतं. या विचारातून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. चोविसाव्या वर्षी आपलं काहीच झालं नाही म्हणून तू रात्री अकरा वाजता मला फोन करून रडतेस, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

तर त्यांच्या सिनेमाचा उगम हा असा आहे. ज्याच्यावर सिनेमा करायचा तो माणूस समोर बसून बघणार आहे आणि ‘हो, असंच असतं’ किंवा ‘छे, असं कुठे असतं’ म्हणणार आहे, हे गृहीत धरून केलेलं काम. पुढे त्यांनी ‘दोघी’ केला, ‘वास्तुपुरुष’ केला, ‘देवराई’, ‘नितळ’, ‘एक कप च्या’, ‘अस्तु’, ‘कासव’, ‘दिठी’ केले. विषय बदलत गेले, पण ती समोर बसलेली बाई त्यांनी कधी उठवली नाही असं मला वाटतं. तुझ्या स्क्रिप्टसमोर काकूला बसव बरं. ती काय म्हणेल?

‘देवराई’ मी आमच्या पेशंटच्या नातेवाइकांच्या बैठकीत दाखवायची. २००४ सालचा चित्रपट. कोकणातल्या घरातला शेष, त्याला स्किझोफ्रेनिया होतो, गावाजवळच्या देवराईचा त्याला ध्यास लागतो, आणि त्याची बहीण त्याला आपल्या घरी घेऊन येते. अतुल कुलकर्णीचं काम लोकांनी वाखाणलं ते योग्यच आहे. पण आमच्या बैठकीत कोणी त्याच्याबद्दल फारसं बोलायचं नाही. बोलायचे ते बहिणीबद्दल. सोनाली कुलकर्णीने केलेल्या त्या सीनाबद्दल. तिच्या नवऱ्याने कसं चालवून घेतलं? तिच्या संसाराचं काय झालं असेल? एक बाई, तिचा धाकटा भाऊ आमच्याकडे बरीच वर्षं येत होता, ती म्हणाली, ‘मला वाटायचं मीच वाईट आहे. राग फक्त मलाच येतो असं वाटायचं.’ मग शेजारच्या दोघींनी माना हलवल्या. समुपदेशनाच्या कितीतरी बैठकांत जे निघालं नव्हतं ते त्या दिवशी निघालं. पडद्यावरच्या बहिणीला थकवा येतो, ती चिडते, आणि तरी चित्रपट तिच्यावर रागावत नाही, हे त्यांनी पाहिलं होतं. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरणाच्या विभागात. मला ते आवडलं होतं. जंगल आणि शेषचं मन यांत त्या दोघांनी, सुमित्राताई आणि त्यांचे सहदिग्दर्शक सुनील सुकथनकर यांनी, वेगळा कप्पा केलेलाच नाही.

आता ‘अस्तु’. तुला हा बघायलाच हवा, आणि एकदा बघून थांबू नकोस. डॉ. मोहन आगाशे यांनी केलेले चक्रपाणी शास्त्री संस्कृतचे मोठे पंडित, त्यांना अल्झायमर झालाय. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना गाडीत बसवून बाहेर पडते, आणि रस्त्यात हत्ती दिसतो म्हणून ते हत्तीमागून निघून जातात. तिकडे घरच्यांची शोधाशोध. इकडे ते पोचतात माहुताच्या कुटुंबात. माहुताची बायको चन्नम्मा, कानडी बोलणारी, पदरात लहान लेकरू. शास्त्रीबुवा तिला आई म्हणतात. आणि ती त्यांची आई होते.

इथे थांबून बारकाईने बघ. अमृता सुभाषने तो क्षण कसा केलाय? दया दाखवणाऱ्या चेहऱ्याने अजिबात नाही. चन्नम्माला आधी कळतच नाही हे काय प्रकरण आहे. पोटाची मारामार असताना हा आणखी एक खाणारा. पण भुकेलं माणूस दारात आहे आणि ते आई म्हणतंय, तर त्याला जेवू घालायचं, एवढा तिचा हिशेब. ती त्यांना घरच्या पोराला वागवावं तसं वागवते, म्हणजे रागावतेसुद्धा. या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि संवादांसाठी सुमित्राताईंनाही मिळाला.

या प्रसंगावरून बरेच लोक एक सोपा अर्थ काढतात: शिकलेल्या लेकीला जमलं नाही ते अडाणी बाईला जमलं. तो अर्थ काढू नकोस. चन्नम्माकडे शास्त्री आले ते थोड्या वेळापुरते, कोऱ्या पाटीसारखे. तिने त्यांना तल्लख असताना कधी पाहिलेलंच नाही. इराकडे ते वर्षानुवर्षं आहेत, आणि तिच्या डोळ्यांसमोर तिचे वडील रोज थोडे थोडे कमी होतायत. ज्या माणसाच्या तोंडून श्लोक ऐकत मोठी झाली त्याचं सगळं आता तिने सांभाळून करायला हवं. चन्नम्माला नवा मुलगा मिळालाय. इराला बाप गमवावा लागतोय. दोघींचं काम एकच दिसतं, पण ओझं वेगळं आहे. चित्रपटाला हे पक्कं माहीत आहे, म्हणून तो इराच्या आठवणींत पुन्हा पुन्हा जातो. तुझी काकू ही इरा आहे, सई. त्यातही सून. आजींनी तिला बावीस-तेविसाव्या वर्षापासून सून म्हणून वागवलं, त्यात काही गोड असेल, काही कडू असेल, आणि आता त्यातलं काहीच आजींना आठवत नाही. भांडायलाही समोर कोणी उरलं नाही. हे लिहिलंस तर संघर्षासाठी ताट आदळावं लागणार नाही.

आजारपणाचा एक तपशील तुझ्याकडून उलटा झालाय. आजी कालची गोष्ट सांगते आणि माहेरचं गाव विसरली, असं तू सहाव्या पानावर दाखवलंस. बहुतेकदा होतं याच्या उलट. जवळचं आधी जातं, लांबचं टिकून राहतं. सकाळचा चहा झाला की नाही हे आठवत नाही, पण लहानपणीच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या ते आठवतं. तोच प्रश्न पाचव्यांदा येतो. दिवस कलायला लागला की घालमेल वाढते, ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं, आणि माणूस स्वतःच्याच घरात बसलेलं असतं. काकू संध्याकाळी का चिडते हे तुला यातून कळेल. तिची स्वयंपाकाची वेळ आणि आजींची घालमेलीची वेळ एकच आहे. तू जाऊन एक आठवडा राहा. दिवाळीतल्या दोन दिवसांत पाहिलेल्यावर स्क्रिप्ट लिहू नकोस.

माझं प्रेम आंधळं नाही हेही सांगते. सुमित्राताईंच्या काही सिनेमांत माणसं फार बोलतात. आजाराची माहिती, समाजाची चूक, जगण्याचं तत्त्व, सगळं नीट वाक्यांत येतं, आणि मला वाटतं की आता गप्प बसा, मला कळलंय. ‘देवराई’तही डॉक्टरच्या तोंडी काही ठिकाणी माहितीपत्रक येतं. त्यामागचं कारण मी समजू शकते. ज्या नातेवाइकाला आजाराचं नावही माहीत नाही त्याला ते कळायलाच हवं, ही तळमळ आहे, आणि आमच्या बैठकीत त्या माहितीचा उपयोगही झाला. पण तू ते उचलू नकोस. तुझ्या स्क्रिप्टमध्ये शेजारच्या डॉक्टरांचं जे भाषण आहे ते पूर्ण काढ. मी त्यावर फुली मारली आहे.

बोलणं कमी झाल्यावर त्यांचा सिनेमा कुठे पोचतो हे बघायचं तर ‘कासव’ आणि ‘दिठी’ बघ. ‘कासव’ला २०१६ च्या चित्रपटांतलं सुवर्णकमळ मिळालं. जीव द्यायला निघालेला एक मुलगा जानकीला सापडतो. ती स्वतः नैराश्यातून गेलेली. ती त्याला कोकणातल्या घरी आणून ठेवते आणि खोदून खोदून काही विचारत नाही. आमच्या कामात हेच सर्वांत अवघड असतं. शेजारी किनाऱ्यावर कासवांच्या अंड्यांची राखण चाललेली असते. अंडी जपायची, कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचवायची, आणि पिल्लं निघाली की त्यांची त्यांना पाण्याकडे जाऊ द्यायची. उचलून समुद्रात टाकायची नाहीत. जानकी काय करतेय हे तुला तिथे दिसेल, कोणी सांगायची गरज नाही.

‘दिठी’ त्यांचा शेवटचा. १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या आणि पुढच्याच महिन्यात तो लोकांना घरबसल्या बघायला मिळाला. ते दिवस तुला आठवतच असतील. रोज कुणाची ना कुणाची बातमी यायची. दि. बा. मोकाशींच्या ‘आता आमोद सुनासि आले’ या कथेवरचा चित्रपट. रामजी लोहार, जुना वारकरी, त्याचा तरणाताठा मुलगा पुरात वाहून गेलाय. आयुष्यभर वारी केली, पोथी ऐकली, आणि आता त्यातला एकही शब्द कामाला येत नाही. गावातली सोबती माणसं पोथीला बसलीत, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि एका घरी गाय अडली आहे. अडलेली गाय सोडवावी ती रामजीनेच, असा त्याचा हात. किशोर कदमने केलेला तो प्रसंग बघ. शोकाने मोडलेला माणूस गायीपाशी बसतो, हात आत घालतो, वासराची बाजू चाचपतो, वळवतो. त्या वेळी तो रडत नाही, कारण हाताला काम आहे आणि त्या कामात चूक करून चालणार नाही. मग वासरू बाहेर येतं. त्याच्या चेहऱ्यावर जे येतं त्याला मी आनंदही म्हणणार नाही. मी तो प्रसंग बघताना उठून उभी राहिले होते एवढं आठवतं.

त्या प्रसंगातून एक गोष्ट घे: माणूस कामात असताना दाखव. तुझ्या स्क्रिप्टमध्ये काकू फक्त बोलते आणि आजी फक्त बसते. काकू आजींची वेणी कशी घालते? नेसवताना कुठला हात आधी बाहीत घालते, औषध कशात कालवून देते? आजींच्या हातात मटारच्या शेंगा दिल्या तर त्या अजून सोलतात का? माझा अंदाज आहे, सोलतात. हातांना बरंच काही आठवत असतं. यातलं काही तुझ्या कॅमेऱ्यात आलं तर स्क्रिप्टमध्ये जागोजागी लिहिलेलं ते व्हायोलिन काढून टाक, त्याची गरज उरणार नाही.

आता तुझ्या दुसऱ्या काळजीबद्दल. इन्स्टिट्यूटला प्रवेश मिळाला नाही म्हणून तू ‘सुमित्रा भावे तरी कुठे शिकल्या होत्या’ असं मला ऐकवलंस. ते खरं असलं तरी अर्धंच आहे. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शन शिकलेले सुनील सुकथनकर ‘बाई’पासून त्यांच्याबरोबर होते. लेखन सुमित्राताईंचं, गाणी बहुतेक सुनीलची, दिग्दर्शन दोघांचं. आणि हे वर्षानुवर्षं टिकलं. एका क्षेत्रात मुरलेली बाई आणि त्या माध्यमात शिकलेला तरुण, वयात एवढं अंतर, आणि दोघं एकमेकांचं ऐकतायत, असं उदाहरण आपल्याकडे दुसरं कुठलं? न शिकण्याचा अभिमान बाळगू नकोस. प्रवेशासाठी पुन्हा अर्ज कर, आणि तोवर तुझ्यापेक्षा जास्त येणारा कोणी तरी जोडीला घे, जो तुला ‘हा शॉट चुकतोय’ असं तोंडावर सांगेल. तुझा तो संकलन करणारा मित्र, जो फार कमी बोलतो, तो मला त्या दृष्टीने बरा वाटला.

पैशाचंही बघ. त्यांचे सिनेमे मोठ्या निर्मात्यांच्या जिवावर झाले नाहीत. ‘दोघी’ला राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ होतं, पुढे कधी एखाद्या आजारावर काम करणारी संस्था, कधी डॉ. आगाशेंसारखा नटच निर्माता म्हणून उभा राहिला. ‘अस्तु’ तयार झाला २०१३ साली, चित्रपटगृहात आला २०१६ ला. तीन वर्षं. कोणी विचारलं नाही म्हणून त्यांनी पुढचं काम थांबवलं नाही. तुझ्या फिल्मला लागणारे तीस हजार मी देईन. तुझ्या आईला मात्र तूच सांग, माझ्या गळ्यात घालू नकोस.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. आजींना विचारलंस का? त्यांना काय कळणार, असं म्हणू नकोस. आज विचार, उद्या पुन्हा विचार, कॅमेरा काढशील त्या प्रत्येक दिवशी विचार. त्यांचा होकार एकदा घेतला की संपला असं होत नाही. त्यांच्यासाठी प्रत्येक दिवस नवा आहे. ज्या दिवशी त्या तोंड फिरवतील त्या दिवशी कॅमेरा पिशवीत. आंघोळीचा प्रसंग तू लिहिलायस तो मला नको आहे, आणि काकूलाही नको असणार. आणि त्याआधी काकूशी बोल. स्क्रिप्ट तिला वाचून दाखव, ‘सुटका कधी’ या वाक्यासकट. तिला राग येईल, कदाचित ती रडेल, मग ती तुला खरं काय ते सांगायला लागेल. तेव्हा वही उघडू नकोस, नुसती ऐक. जमलं तर भाजी निवडायला तिच्या शेजारी बस.

नाशिकला जाशील तेव्हा माझ्याकडून आजींसाठी एक मऊ नऊवारी पाठवते आहे, आणि काकूसाठी कंदी पेढे. पेढे तिच्याच हातात दे, सगळ्यांसमोर डबा फोडू नकोस. दुसरा खर्डा ऑगस्टअखेर पाठव. या वेळी पानांवर आकडे घाल आणि अक्षराचा आकार जरा मोठा ठेव.

तुझी,
मावशी